शिकारीच्या व्हिडिओ गेममधील रायफल काडतुसांचा समतोल : येलदरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाभोवती टेकड्या, झुडपी माळ, ओढ्यांच्या घळी आणि त्यांना लागून सोयाबीन, तूर, कापूस व हरभऱ्याची शेते असा भूप्रदेश पसरलेला आहे. रोही, रानडुक्कर, काळवीट, तरस, कोल्हा ही नावे येथील मुलांना पाठ्यपुस्तकातून कळत नाहीत, ती जागलीवरून आलेल्या वडिलांच्या बोलण्यातून कळतात. याच मुलांच्या हातात आज मोबाईल आहे आणि त्या मोबाईलवर बंदुकीचे खेळ आहेत. वर्गाबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘सेव्हन सिक्स्टी-टू’ आणि ‘मॅग्नम’ हे शब्द इतक्या सहजतेने येतात की, या शब्दांमागील पदार्थविज्ञान त्यांना कोणी समजावून सांगितले आहे काय, असा प्रश्न शिक्षकास पडणे स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेखात शिकारीच्या व्हिडिओ गेममध्ये रायफलच्या काडतुसांचा समतोल कसा साधला जातो, तो वास्तवाशी कोठे जुळतो व कोठे तुटतो, आणि वास्तवाला धरून तो साधता येईल काय, या प्रश्नांचा विचार केला आहे. विवेचनासाठी येलदरीच्या परिसरावर बेतलेला एक नकाशा कल्पिला आहे. असा गेम अस्तित्वात नाही. परंतु ज्या भूमीची उंची-सखोलता आणि ज्या जनावरांची चाल वाचकास ठाऊक आहे, तिच्या आधारे हा विषय अधिक स्पष्ट होईल असे वाटते.

‘समतोल’ हा शब्द गेमच्या रचनाकारांच्या परिभाषेत विशिष्ट अर्थाने वापरला जातो. खेळाडूसमोर दहा पर्याय ठेवले आणि त्यांतील एकच सर्व प्रसंगी श्रेष्ठ ठरला, तर उरलेले नऊ निरर्थक होतात. कोणताही पर्याय सर्वत्र श्रेष्ठ नसावा व कोणताही पूर्णतः निरुपयोगी नसावा, ही समतोलाची किमान अट होय.

काडतूस आणि गेममधील त्याचे रूप

काडतूस म्हणजे गोळी नव्हे. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी अशा चार घटकांचे मिळून काडतूस बनते. चाप ओढल्यावर टोपी पेटते, दारूचा वायू होतो, वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते आणि पुंगळी मागे राहते. गोळीचा व्यास सारखा असला तरी पुंगळीची लांबी व दारूचे प्रमाण निराळे असेल, तर ती काडतुसे परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत.

नेमका येथेच लोकप्रिय गेम पहिली सवलत घेतात. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आलेला ‘पबजी मोबाईल’ आणि २०२१ पासून त्याच्या जागी आलेला ‘बीजीएमआय’ यांमध्ये ‘एकेएम’ ही स्वयंचलित रायफल आणि ‘कार९८के’ ही बोल्टची जर्मन रायफल, या दोहोंत एकच ‘७.६२’ काडतूस चालते. प्रत्यक्षात पहिलीचे काडतूस ७.६२ × ३९ मिलिमीटरचे, तर दुसरीचे ७.९२ × ५७ मिलिमीटरचे आहे. पहिल्यातून सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७१५ मीटर वेगाने निघते, दुसऱ्यातून सुमारे १२.८ ग्रॅमची गोळी ७६० मीटर वेगाने. ऊर्जेचा हिशेब केला तर पहिलीची सुमारे २,०४५ ज्यूल आणि दुसरीची ३,७०० ज्यूलच्या घरात जाते. गेममध्ये मात्र काडतूस एकच, आणि तरीही ‘कार९८के’ची गोळी अधिक नुकसान करते, कारण तेथे नुकसान काडतुसाला नव्हे, बंदुकीला जोडलेले असते. ज्या खेळात शंभर माणसे विमानातून उडी मारून सापडेल ते शस्त्र उचलतात, तेथे ही सवलत क्षम्य आहे. शिकारीच्या गेममध्ये ती चालत नाही, कारण तेथील खेळाडूचा मुख्य निर्णयच कोणत्या जनावरासाठी कोणते काडतूस, हा असतो.

१९९७ च्या ‘डिअर हंटर’पासून संगणकावरील शिकारीच्या गेमचा स्वतंत्र वर्ग रूढ झाला. २०१७ मध्ये आलेल्या ‘द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड’ने जनावरांना एक ते नऊ असे वर्ग दिले आणि प्रत्येक काडतुसाला त्यांतील काही वर्ग योग्य ठरवून दिले. योग्य वर्गाबाहेरचे काडतूस वापरले तरी जनावर पडू शकते, पण ट्रॉफीचा दर्जा घटतो. याच गेममध्ये २०२३ साली नेपाळच्या भूमीवर बेतलेला ‘सुंदरपाटण’ हा नकाशा आला व त्यात वाघ, बाराशिंगा, काळवीट यांच्यासह नीलगायही आली. नीलगाय म्हणजे आपला रोही. येलदरीच्या शेतात तूर खाणारे जनावर स्वीडिश कंपनीच्या गेममध्ये ट्रॉफी म्हणून मिरवते, हा योगायोग प्रस्तुत विषयाच्या निवडीस काही अंशी कारणीभूत आहे.

समान ऊर्जेची तीन काडतुसे

काडतुसाच्या सामर्थ्याचे मोजमाप म्हणून सर्वप्रथम गतिज ऊर्जा पुढे केली जाते. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, हे सूत्र नववीच्या विद्यार्थ्यासही पाठ असते. त्यामुळे गेमचा रचनाकार सहजच ‘जेवढे ज्यूल तेवढे नुकसान’ असा तक्ता करून मोकळा होतो. हा मार्ग किती फसवा आहे, हे भारतीय उपखंडातील शिकारीच्या इतिहासातील तीन काडतुसांवरून दिसून येते.

पहिले काडतूस .३१५ बोअरचे. ब्रिटिश अमदानीत लष्करी काडतुसाची शस्त्रे नागरिकांना बाळगू न देण्याचे धोरण होते. .३०३ हे लष्कराचे काडतूस, म्हणून नागरिकांसाठी ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसाच्या धर्तीवरचे आठ मिलिमीटरचे काडतूस रूढ झाले आणि ईशापूरच्या रायफल कारखान्याने त्याची बोल्टची रायफल बनवली. आजही परवानाधारकाकडे आढळणारी देशी रायफल बहुधा हीच असते. दुसरे काडतूस .३०३ ब्रिटिश, पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’चे. १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याने या काडतुसाचे प्रचंड उत्पादन केले; त्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे उमटवलेली असत. तिसरे काडतूस .२७५ रिग्बी, म्हणजे मूळचे ७ × ५७ मिलिमीटरचे माउझर काडतूस. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती आणि १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी तिनेच मारला.

तुलनेसाठी या तिहींसोबत एक हलके व एक जड काडतूस घेऊन पुढील तक्ता केला आहे. वजन व वेग नळीच्या तोंडाशी, रूढ भरणानुसार व सुमारे धरले आहेत. २०० मीटरवरील पतन नळीच्या अक्षापासून मोजले असून सोपेपणासाठी हवेचा रोध वगळला आहे. प्रत्यक्षातील पतन याहून अधिक असते.

तक्ता क्र. १

| काडतूस | गोळीचे वजन (ग्रॅम) | वेग (मीटर प्रतिसेकंद) | ऊर्जा (ज्यूल) | संवेग (किग्रॅ-मीटर प्रतिसेकंद) | २०० मीटरवर पतन (सेंमी) |
|---|---|---|---|---|---|
| .२४३ विंचेस्टर | ६.५ | ९०० | २,६३० | ५.९ | २४ |
| .२७५ रिग्बी | ९.१ | ८२० | ३,०६० | ७.५ | २९ |
| .३०३ ब्रिटिश | ११.३ | ७४४ | ३,१३० | ८.४ | ३५ |
| .३१५ | १५.८ | ६२० | ३,०४० | ९.८ | ५१ |
| .३७५ एच अँड एच मॅग्नम | १९.४ | ७७० | ५,७५० | १४.९ | ३३ |

मधल्या तीन ओळींतील ऊर्जेचा स्तंभ पाहावा. तिन्ही काडतुसे तीन हजार ज्यूलच्या आसपास आहेत आणि त्यांतील फरक तीन टक्क्यांच्या आत आहे. ऊर्जेवर बेतलेल्या गेममध्ये या तीन रायफली म्हणजे एकाच रायफलीची तीन चित्रे ठरतील. प्रत्यक्षात मात्र त्या तीन स्वतंत्र स्वभावाच्या आहेत. .३१५ ची गोळी जड, जाड व संथ आहे. तिचा संवेग .२७५ च्या गोळीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी अधिक असल्याने हाडावर बसली तरी ती मार्ग सोडण्याची शक्यता कमी; परंतु दोनशे मीटरवर ती अर्धा मीटर खाली जाते. म्हणजे नेम लावताना अंतराचा अंदाज पंचवीस-तीस मीटरने चुकला तरी गोळी खांद्यामागे न बसता पोटात किंवा पायात बसणार. .२७५ च्या बाबतीत तीच चूक बऱ्याच अंशी निभावून जाते.

समतोलाची सामग्री याच फरकांत आहे. नुकसानीचे आकडे कृत्रिमरीत्या वर-खाली करण्याची आवश्यकता नाही. गोळीचा मार्ग व संवेग प्रामाणिकपणे मांडला, तर घळीत समोर येणाऱ्या डुकरासाठी .३१५ आणि माळावर पाणी पिण्यास उतरणाऱ्या रोह्यासाठी .२७५ ही निवड खेळाडू आपणहून करील. जड गोळी झुडपातून सरळ जाते आणि हलकी वळते, हा समज शिकाऱ्यांत व गेमच्या रचनाकारांत सारखाच दृढ आहे. परंतु काटक्यांना लागून सर्वच गोळ्या वळतात, जड गोळीही. बाभळीच्या जाळीमागे उभ्या जनावरावर बार काढण्याचे बक्षीस कोणत्याच काडतुसाला देऊ नये.

ऊर्जा, जखम आणि ‘हेल्थ’

बहुतेक गेममध्ये सजीवाला ‘हेल्थ’ नावाचा आकडा दिलेला असतो. प्रत्येक गोळीने तो घटतो, शून्यावर आला की मृत्यू. ही कल्पना फाशांच्या जुन्या बैठ्या खेळांतून आली आणि ती सोयीची आहे म्हणून टिकली. शरीरशास्त्राशी तिचा संबंध जवळजवळ नाही.

गोळी प्राण्यास मारते ती रक्तस्राव घडवून किंवा मज्जासंस्था भेदून. हृदय अथवा दोन्ही फुप्फुसे भेदली गेली तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर जनावर दहा-पंधरा सेकंद धावू शकते. रोह्यासारखे जनावर सेकंदाला दहा मीटर धावले, असे किमान धरले तरी ते शंभर ते दीडशे मीटर दूर जाऊन पडेल. अचूक नेमानंतरही जनावर जागेवर का पडले नाही, ही नवख्या खेळाडूंची नेहमीची तक्रार असते. खरे पाहता गेमने येथे वास्तवाची बाजू घेतलेली असते. जागेवर पडणे हे मेंदू किंवा मणक्यास इजा झाल्याचे लक्षण आहे, मोठ्या काडतुसाचे नव्हे.

ऊर्जेपेक्षा स्थान निर्णायक, याचे टोकाचे उदाहरण आफ्रिकेत सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘करामोजो’ बेल या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या स्कॉटिश शिकाऱ्याने शेकडो हत्ती .२७५ च्या काडतुसाने मारले. त्या काळी हत्तीसाठी याच्या दुप्पट ऊर्जेची काडतुसे योग्य मानली जात. बेल यांनी हत्तीच्या कवटीचा अभ्यास केला होता आणि ते न प्रसरणारी, पूर्ण आवरणाची गोळी मेंदूच्या दिशेने नेमकी सोडत. हे कृत्य अनुकरणीय नाही, हे वेगळे सांगणे नको. ‘हेल्थ’च्या आकड्यावर चालणारा गेम मात्र बेल यांच्या शिकारीचे स्पष्टीकरण देऊच शकत नाही. त्याच्या हिशेबी .२७५ ने हत्ती एक तर कधीच मरणार नाही, किंवा पायावर पंधरा गोळ्या झाडूनही मरेल. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा अधिक खोटी आणि अधिक घातक आहे.

यासाठी वास्तवाला धरणाऱ्या गेमने जनावराच्या शरीरात अवयवांची मांडणी करावी लागते आणि गोळी किती खोल गेली व किती रुंद मार्ग करून गेली, हे दोन आकडे ठेवावे लागतात. ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये भेदन व प्रसरण असे दोन गुण दाखवले जातात. २०२२ मधील ‘वे ऑफ द हंटर’ हा गेम गोळीचा शरीरातील मार्ग पुन्हा संथ गतीने दाखवतो. ही प्रगती स्वागतार्ह आहे.

गोळीचे नाक

भेदन आणि प्रसरण हे एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे गुण आहेत, आणि या ओढाताणीचा इतिहास भारताच्या भूमीवर घडला आहे. कोलकात्याजवळील डमडम येथील दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात .३०३ ची एक गोळी तयार झाली. तिच्या नाकावरील धातूचे आवरण काढून आतील शिसे उघडे ठेवले होते. शरीरात शिरताच हे शिसे अळंब्यासारखे पसरे व जखम रुंद होई. वायव्य सरहद्दीवरील लढायांसाठी बनवलेल्या या गोळीने युरोपात वादळ उठवले आणि १८९९ च्या हेग येथील जाहीरनाम्याने प्रसरण पावणाऱ्या गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरला.

शिकारीत नियम उलटा आहे. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी हरणाच्या शरीरातून बारीक छिद्र पाडून पलीकडे जाते आणि जनावर तासन्‌तास तडफडते. म्हणून अनेक देशांत हरणाच्या शिकारीस मऊ नाकाचीच गोळी आवश्यक मानतात. माणसावर वापरण्यास जी क्रूर ठरली, ती जनावरासाठी दयेची मानली गेली, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे. दोन्हींमागील तर्क आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत, कारण युद्धात शत्रूस निकामी करणे पुरते, शिकारीत अर्धमेले सोडणे हाच अपराध असतो.

गेमच्या समतोलासाठी याचा उपयोग थेट होतो. एकाच .३१५ रायफलीसाठी मऊ नाकाची व पूर्ण आवरणाची अशा दोन गोळ्या ठेवाव्यात. मऊ नाकाची गोळी काळविटाच्या फुप्फुसात पसरेल, पण मोठ्या डुकराच्या खांद्यावरील जाड कातडी व हाड यांत अडकू शकेल. दुसरी आरपार जाईल आणि मागे उभे असलेले दुसरे जनावरही जखमी करील.

धक्का : निसर्गाने लावलेला कर

आता समतोलाच्या गाभ्याकडे येऊ. खेळाडू साहजिकच विचारील की, .३७५ मॅग्नम उपलब्ध असताना .२४३ कोणी का वापरावे? अनेक गेम यावर कृत्रिम उपाय योजतात. मोठ्या काडतुसाची किंमत अवास्तव वाढवतात, किंवा लहान जनावरावर ते वापरल्यास गुण कापतात. यापैकी दुसऱ्या उपायास थोडा आधार आहे, कारण मोठ्या गोळीने लहान जनावराचे मांस व कातडे खराब होते. परंतु खरा उत्तरदायी घटक रायफलीचा धक्का हा आहे.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गोळी व दारूचा वायू यांचा पुढे जाणारा संवेग, तेवढाच मागे रायफलीस मिळतो. रायफलीचे वजन ठरलेले असल्याने खांद्यास बसणारी ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. .२४३ मधील दारू २.७ ग्रॅम, .३७५ मधील ४.९ ग्रॅम, वायूचा वेग सेकंदाला १,२०० मीटर आणि रायफलींची वजने अनुक्रमे ३.६ व ४.२ किलो धरली, तर धक्क्याची ऊर्जा अनुक्रमे सुमारे ११ व ५२ ज्यूल येते. गोळीची ऊर्जा २.२ पट वाढली, पण धक्का साडेचार पटींहून अधिक वाढला. निसर्गाने लावलेला हा कर चढत्या दराचा आहे, आणि कोणत्याही रचनाकाराने कल्पनेने ठरवलेल्या दंडापेक्षा तो अधिक न्याय्य आहे.

अडचण अशी की, पडद्यावर धक्का दुखत नाही. रायफल क्षणभर वर उडालेली दिसते, इतकेच. प्रत्यक्षात धक्क्याचा परिणाम पुढच्या बारावर होतो. खांदा धसकलेला नेमबाज चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो व नळी खाली झुकवतो. तेव्हा गेममध्ये धक्क्याचा खर्च पहिल्या गोळीला नव्हे, नंतरच्या गोळ्यांना लावावा. मोठे काडतूस लागोपाठ वापरणाऱ्या खेळाडूचा नेम काही काळ अस्थिर व्हावा, सरावाने ही अस्थिरता कमी व्हावी, आणि लहान काडतुसावर हात बसवूनच मोठ्याकडे जाणे लाभाचे ठरावे. अनुभवी शिकारी नवख्यास नेहमी हेच सांगत आले आहेत.

उंबरठ्याची पद्धत

जनावरांचे वर्ग व त्यांना योग्य काडतुसे ही गेममधील योजना मनःपूत वाटली तरी तिचे मूळ कायद्यात आहे. जर्मनीच्या शिकार कायद्यानुसार रो हरणासाठी शंभर मीटरवर किमान १,००० ज्यूल ऊर्जा लागते. इतर खूरवाल्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि शंभर मीटरवर २,००० ज्यूल. इंग्लंड व वेल्समधील १९९१ चा हरीणविषयक कायदा बहुतेक हरणांसाठी .२४० इंच व्यास व नळीच्या तोंडाशी सुमारे २,३०५ ज्यूल मागतो. परिणामी .२४३ काडतुसाने इंग्लंडमध्ये तांबडे हरीण मारणे कायदेशीर, तर जर्मनीत बेकायदेशीर ठरते, कारण त्याचा व्यास ६.५ मिलिमीटरला अगदी थोडा कमी पडतो. हरीण तेच, गोळी तीच, निर्णय मात्र भिन्न. उंबरठा कोठेतरी घालावा लागतो आणि तो घालणारा माणूसच असतो, हे यातून कळते.

तथापि या दोन्ही कायद्यांत ऊर्जा हा उंबरठा आहे, नुकसानीचा गुणक नाही. उंबरठा ओलांडल्यानंतर अधिक ऊर्जेला अधिक पुण्य मिळत नाही. जर्मन कायद्याने शंभर मीटरवरील ऊर्जा मोजली हे विशेष महत्त्वाचे, कारण बोथट नाकाची गोळी हवेत वेग लवकर गमावते आणि टोकदार गोळी तो टिकवते. हाच विचार पुढे नेला, तर गेममधील काडतुसाचा वर्ग कायम न ठेवता अंतरानुसार घटवता येईल. शंभर मीटरवर रोह्यासाठी पुरेसे असलेले .३१५ तीनशे मीटरवर पुरेसे राहणार नाही, आणि दोनशे मीटरची मर्यादा पाळणे हा खेळाडूचा निर्णय बनेल.

येलदरीचा नकाशा

आता कल्पित नकाशाकडे वळू. जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरते तेव्हा काठावर उघडा, सपाट गाळपट्टा राहतो. रोही व काळवीट तेथे दुरून दिसतात आणि शिकाऱ्यालाही दुरून पाहतात. ओढ्यांच्या घळींत वीस-तीस मीटरपलीकडे दिसत नाही. वाढलेल्या तुरीच्या शेतात रानडुक्कर दिसण्याआधी ऐकू येते. टेकडीच्या उतारावर अंतराचा अंदाज चुकतो, कारण उतारावरून खाली पाहताना डोळ्यास दिसणारे अंतर आणि गुरुत्वाकर्षण ज्या क्षितिजसमांतर अंतरावर काम करते ते अंतर, हे एक नसते. म्हणजे एकाच नकाशावर चार प्रकारची भूमी आहे व ती चार प्रकारची काडतुसे मागते. भूमी अशी असली की आकड्यांची कारागिरी फारशी करावी लागत नाही.

आवाजाचा घटकही येथे मोलाचा आहे. ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. तक्त्यातील सर्वच गोळ्या त्याच्या दीड ते अडीच पटींहून अधिक वेगाने जातात, त्यामुळे बाराच्या आवाजाखेरीज गोळीच्या मार्गाभोवती स्वतंत्र कडाका उमटतो. पाण्यावरून आवाज दूर जातो व टेकड्यांवरून परततो. एका बारानंतर काठावरील कळप सायंकाळपर्यंत फिरकू नये, एवढा दंड पुरे आहे. मग खेळाडू दुसऱ्या गोळीच्या भरवशावर पहिली झाडणार नाही.

जनावरांच्या वर्तनात एक गोष्ट परदेशी गेममध्ये आढळत नाही. येथील रोही व डुक्कर शेताशी बांधलेले आहेत. हरभरा घाट्यावर आला की ते रात्री उतरतात आणि शेतकरी माचाणावर बसून डबे वाजवत, फटाके फोडत रात्र काढतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही जवळजवळ संपली, आणि ते योग्यच झाले. पिकांच्या नुकसानीमुळे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्याबाबत परवानगीने मारण्याची कार्यपद्धती ठरवली. २०१६ साली बिहारमधील मोकामा येथे रोह्यांचा मोठ्या प्रमाणावर संहार झाल्यावर देशभर वाद झाला. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले, पण जखमी होऊन निसटलेल्या जनावराविषयी फारच थोडे. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे अंगात घेऊन फिरणारे डुक्कर, गावठी बॉम्बने जबडा फुटलेले डुक्कर, कुंपणात सोडलेल्या विजेने मेलेला रोही, आणि त्याच तारेला चिकटून मेलेला शेतकरी, हे या प्रश्नाचे खरे चेहरे आहेत. त्यांच्या तुलनेत योग्य काडतुसाचा प्रश्न तांत्रिक व क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. कोणत्या साधनाने जीव तत्काळ जातो व कोणत्या साधनाने तो आठवडाभर कुजतो, याचे ज्ञान ज्यास आहे, तो ठासणीची बंदूक उचलताना एकदा थांबेल, अशी आशा करता येते.

म्हणूनच या नकाशावर जखमी जनावराचा हिशेब गेमने बंद करू नये. बहुतेक गेममध्ये पोटात गोळी लागलेले जनावर काही मिनिटांत नकाशावरून नाहीसे होते किंवा खेळाडू दुसरीकडे निघून जातो. येथे रक्ताचा माग दुसऱ्या दिवशीही राहावा, माग काढून जनावर सोडवेपर्यंत नवा बार मिळू नये, आणि मागाचा रंग पाहून गोळी कोठे बसली हे ओळखावे लागावे. फुप्फुसातील रक्त फेसाळ व गुलाबी असते, यकृतातील काळपट, पोटाच्या जखमेत अन्नाचे कण सापडतात. ही माहिती जुन्या शिकारकथांत विखुरलेली आहे; ती सक्तीने शिकावी लागली तर खेळाडू लहान काडतुसाने लांबचा बार काढण्याचा मोह आपोआप आवरील.

एक मुद्दा उरतो व तो कोणत्याच गेमने गांभीर्याने घेतल्याचे दिसत नाही. चुकलेली गोळी कोठे जाते? .३०३ ची गोळी योग्य कोनातून सुटल्यास सुमारे तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. .२२ च्या चिमुकल्या काडतुसाच्या खोक्यावरही दीड मैलाचा इशारा छापलेला असतो. गेममध्ये जनावरामागे असते ते केवळ चित्र, आणि चित्राला लागलेली गोळी हिशेबातून वगळली जाते. येलदरीच्या माळावर क्षितिजरेषेवर उभ्या रोह्यामागे टेकडीचा उतार असतो, उतारापलीकडे वस्ती असते, वस्तीबाहेर गुरे घेऊन परतणारा पोरगा असतो. उथळ कोनातून पाण्यावर आदळलेली गोळी बुडत नाही, ती टप्पा घेऊन पुढे जाते, आणि जलाशयाच्या पाण्यात संध्याकाळी जाळी टाकणारी माणसे असतात. तेव्हा या नकाशावर प्रत्येक गोळी ती थांबेपर्यंत मोजावी लागेल. .३७५ ला त्याच्या आरपार जाण्याची किंमत येथेच मोजावी लागेल, मऊ नाकाच्या गोळीस जनावराच्या अंगातच थांबण्याचा लाभ येथेच मिळेल, आणि मागे मातीचा बांध नसलेल्या जनावरावर बार न काढता रायफल खाली घेणाऱ्या खेळाडूस गेमने त्या दिवसाचे पूर्ण गुण द्यावे लागतील.